दुपारची राखण

त्या अंगणाची आठवण आली की मला आधी ऊन दिसतं, माणसं मागून येतात. चैतातलं पांढरं ऊन, त्यात कडुनिंबाची सावली आणि सावलीत गळून पडलेला मोहोर. वारा आला की तो मोहोर ज्वारीच्या कण्यांसारखा अंगणभर सरकायचा. मी उंबऱ्यात बसलेली असायची, मांडीवर एक तुराटी, तुरीची वाळकी काडी. ती तुराटी मी कधी कुणाला मारली नाही. तरी दुपारभर ती माझ्याजवळ असायची, कारण मी राखणीला बसलेली असायची.

अंबाजोगाईला तेव्हा सरकारी कागदावर मोमिनाबाद म्हणत. आमचे हे तिथल्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, मास्तर होते. पोरांना उर्दू शिकवीत आणि थोडी मराठी. लग्न झालं तेव्हा मला सोळावं लागलं होतं. माझं माहेर चकलांब्याकडचं, तीन मुक्कामांच्या अंतरावर. वरात निघाली तेव्हा आमच्या शेतावरचा पिवळा कुत्रा गाडीमागे चालू लागला. माझ्या वडिलांनी त्याला दोनदा ढेकूळ मारून परतवलं. तिसऱ्या मुक्कामाला सकाळी बैल जुंपायला गेले तर तो गाडीखाली झोपलेला. पायाचे तळवे फुटलेले, एका कानाला ओरखडा. भाकरतुकडा घेऊन दारात उभी असलेली माझी सासू त्याच्याकडे बघून म्हणाली, "आला तर आला. राखणीला व्हईल."

घर भाड्याचं होतं, माळवदाचं, मधोमध भिंत घालून दोन बिऱ्हाडं केलेलं. अंगण एकच. आमच्या बाजूला आम्ही तिघं. पलीकडे एकटी खाला. सगळा मोहल्ला तिला खालाच म्हणे, म्हणजे मावशी. तिचा नवरा घोडदळाच्या रिसाल्यातल्या घोड्यांना नाल ठोकायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. ती लोकांच्या लेकरांसाठी दुलया शिवायची. तिच्यापाशी एक राखाडी मांजर होती, तिला ती दिवसातून दहादा रागवायची आणि रागावून झालं की हाताशी ओढून घ्यायची. माझी सासूही विधवाच, गळ्यात तुळशीची माळ. माळ घातली त्या दिवसापासून तिनं कांद्या-लसणाला हात लावला नव्हता.

दोन्ही बिऱ्हाडांच्या नहाणीचं पाणी एका उथळ पाटानं अंगणातून गल्लीत जायचं. तो पाट म्हणजे शीव. खाला इकडे येत नसे, सासू तिकडे जात नसे. भांडण कधीच नव्हतं. ईदेला खाला पाटाशी येऊन कोऱ्या शेवया, खारका आणि साखर द्यायची, सगळं न शिजवलेलं. ते आम्ही आमच्या चुलीवर शिजवायचो. संक्रांतीला सासू तिळगूळ द्यायची. एवढी देवाणघेवाण दोघींना पुरत असावी.

जनावरांना मात्र तो पाट कधी कळला नाही.

खाला खाटकाकडून छिछडे आणायची, मांसाचे टाकाऊ तुकडे, आणि भातात कालवून मातीच्या परळात मांजरीपुढं ठेवायची. आमच्या कुत्र्याला दगडाच्या डोणीत ताकात कुस्करलेली भाकरी असे. कुत्रा पाट ओलांडून जायचा, परळ चाटूनपुसून लख्ख करायचा आणि परत येऊन आमच्या उंबऱ्यावर हनुवटी टेकून झोपायचा. मांजर तोवर आमच्या डोणीतलं ताक लपलप पिऊन घ्यायची. मग तिचं पोट बिघडायचं आणि ते खालाच्या नव्या कापसावर निघायचं.

एका सकाळी हे दोन्ही एकदमच उघडकीला आलं. खाला कुत्र्याचं तोंड लागलेला परळ मातीनं घासत बसली, एकदा, दोनदा, तीनदा. सासूनं आमच्या उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडलं आणि वरून घागरभर पाणी ओतलं. दोघी पाठमोऱ्या, दोघी पुटपुटत होत्या. दोन्हीकडचं पाणी वाहत आलं आणि त्या पाटात एक झालं. मी मधे उभी राहून ते पाणी गल्लीत जाताना बघत राहिले.

"सूनबाई," सासू म्हणाली, "तुह्या माहेरचं जनावर हाय, तूच बघ. तिकडचं खाऊन त्यानं हितं तोंड लावलेलं मला चालायचं न्हाई."

तिकडून खाला म्हणाली, "बेटी, माझी मांजर तुमच्याकडं आली तर हाकल तिला. शरमू नक्को. ताकानं तिचं पेट बिघडतंय."

असं ते काम दोन्ही बाजूंनी माझ्याकडे आलं. संध्याकाळी यांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "दोन सल्तनतींची सरहद्द तुझ्या हवाली झाली म्हण की."

मी सगळं करून पाहिलं. कुत्र्याला खांबाला बांधलं, तर त्याच्या डोळ्यांदेखत मांजर त्याची डोणी रिकामी करू लागली आणि त्यानं गळफास लागेस्तोवर दावं ओढलं. परळ कोनाड्यात उंच ठेवायला खालाला सांगितलं, तर कुत्रा तिच्या बाजेवर चढला, दोन पाय भिंतीला लावले आणि परळ खाली पाडून फोडला. डोणीवर पाटी पालथी घातली. मांजरीनं ती डोक्यानं सरकवली. शेवटी एकच उरलं. दोघांची खाणी उघडी असेपर्यंत मी समोर बसून राहायचं. कुत्रा सावकाश खायचा, अर्धं ठेवून झोपायचा, मग पुन्हा उठायचा. मांजरीचंही तसंच. त्यामुळे जेवणं आटोपली की मी उंबऱ्यात येऊन बसायची ती उन्हं कलेपर्यंत.

पलीकडच्या उंबऱ्यात खाला दुलईला टाके घालत बसलेली असायची.

पहिले काही दिवस आम्ही बोललो नाही. मग तिनं सुई पुढे केली आणि म्हणाली, "ओवून दे गे." मी पाटाशी गेले, सुई घेतली, दोरा ओवला, परत दिली. दुसऱ्या दिवशी तिनं चार सुया आणल्या. मग आम्ही बोलू लागलो. दोन उंबऱ्यांमध्ये वीसएक पावलांचं अंतर, मधे कुत्रा आणि मांजर, आणि सासू आत झोपलेली. म्हणून आवाज लहान ठेवायचा. उन्हात लहान आवाजात बोललेलं कसं ऐकू येतं ते मला सांगता येणार नाही. शब्द तरंगत यायचे. काही पोचायचे, काही वाटेत निंबाखाली राहायचे.

तिनं मला घोड्यांचं सांगितलं. रिसाल्यातला एक काळा घोडा तिच्या नवऱ्याशिवाय कुणाला पाय देत नसे. तो येताना दिसला की घोडा आपणच पाय उचलून धरायचा. मी तिला गोदावरीचं सांगितलं, आमच्या गावच्या बाया उन्हाळ्यात तिच्या वाळूत झिरे खणून पाणी आणतात ते, आणि भरल्या घागरीत सकाळी तळाला बारीक वाळू चमकते ते. ती टाके घालता घालता "हौ... हौ..." म्हणायची. कधी दोघींना पेंग यायची. मी दचकून उठायची तर कुत्रा परळाशी आणि मांजर डोणीशी. मी तुराटी आपटायची. दोघं आपापल्या जागी जायची, आणि झोपेतून जागी झालेली खाला हसत हसत टाका उसवायची, कारण तो वाकडा गेलेला असायचा.

एक गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. खाणं उघडं ठेवलं नाही, वेळेवर देऊन वेळेवर उचललं, तर राखणीची गरजच उरणार नाही, हे मला पहिल्या पंधरवड्यातच सुचलं होतं. मी ते बोलले नाही. बोलले असते तर दुपारी उंबऱ्यात बसायला मला दुसरं कारण नव्हतं.

त्याच चैतात मला दिवस गेले. आधी सगळ्यांना आनंद झाला, मग काळजी लागली. माझ्या पोटात काही ठरेना. भाकरीच्या वासानं मळमळायचं. सासूनं गूळ-शेंगदाणे दिले, लिंबाचं लोणचं दिलं, राळ्याचा भात करून दिला. माझ्या तोंडाला काहीच लागेना. सासू रोज माझं ताट उचलायची आणि त्यात उरलेलं बघत क्षणभर उभी राहायची.

एका दुपारी मी राखणीला बसले होते आणि खालाच्या चुलीकडून वास आला. भाजलेल्या तिळाचा आणि निखाऱ्यावर करपलेल्या लाल मिरचीचा, त्यात चिंच. किती दिवसांनी माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"खाला, काय करायला लागलात?"

"खिचडी आणि खट्टा. माझ्या अकेलीचं जेवण. गोश्त नै त्यात."

मी कुत्र्याकडे पाहिलं. तो झोपला होता. आतून सासूचं घोरणं ऐकू येत होतं. मी उठून पाटाशी गेले आणि म्हणाले, "मला थोडा द्या ना. इथंच उभी राहून खाते."

खाला वाटी हातात घेऊन दारात उभी राहिली. तिला द्यायचं होतं. तिच्या चेहऱ्यावर ते इतकं दिसत होतं की मी हात पुढे केलासुद्धा. पण ती जागची हलली नाही.

"सासूला विचार," ती म्हणाली.

"ती नाही म्हणेल."

"मग नै. चोरून नक्को, बेटी. उद्या तुला काय झालं तर ती म्हणेल, हिनं खाऊ घातलं. आणि नै झालं तरी, मी तिच्या घरच्या लेकराला लपून घास देऊ? इतक्या वर्षांची शेजारीण मी."

मला राग आला. मी परत येऊन बसले आणि तुराटीनं मातीत रेघा ओढत राहिले. तीन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती मात्र रोज सुया पाटाशी ठेवायची, आणि मी न बोलता त्या ओवून द्यायची.

चौथ्या दिवशी ऊन फार होतं. मांजर डोणीशी आली म्हणून मी उठले आणि अंगण डोळ्यांपुढून पांढरं होत गेलं. कडुनिंब गेला, भिंत गेली. पडल्याचं मला आठवत नाही. पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं, आणि वरून कुणी तरी माझ्या गालावर गार हात फिरवत होतं. डोळे उघडले तर खालाचा चेहरा. माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. ती आमच्या बाजूला, आमच्या उंबऱ्याला पाठ टेकून बसली होती, आणि दारात सासू उभी होती.

"बीबी," सासू खालाला म्हणाली, "काय झालं पोरीला?"

"चक्कर. पोटात काय नै हिच्या, बाई." खाला उठली नाही. "तुम्हाला एक सांगू का? रागवा हवं तर. हिला माझ्या चुलीवरचा खट्टा पाहिजे. मागितला होता तिनं. मी दिला नै."

सासू माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. ती इतकंच म्हणाली, "कावून न्हाई सांगितलंस मला?" मग खालाला म्हणाली, "कसा करतेत ते सांगा. मी करते."

खाला पाट ओलांडून परत गेली. जाताना तिची पावलं अडखळली, आपण पाट ओलांडून इकडे आल्याचं तिला तेव्हाच ध्यानात आलं असावं. मग ती तिकडच्या उंबऱ्यात उभी राहून आणि सासू इकडे चुलीपुढं बसून, असा तो स्वयंपाक सुरू झाला. माझी बाज दारात टाकली होती. मला दोघी दिसत होत्या.

"तीळ भाजा. लाल नै, बदामी."

"भाजले."

"चिंच कोळा. मिरच्या निखाऱ्यावर टाका."

"टाकल्या." सासूला ठसका लागला.

"आता कांदा बारीक कापून मिठात कुस्करा."

सासूचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला.

"बाई? कांदा?"

"त्येच्याशिवाय होत न्हाई का?"

खाला म्हणाली, "होतो. तुमच्या मनानं करा. पण चुलीवर ठेवू नका. कच्चाच असतो खट्टा."

"कच्च्या चिंचेचं पाणी पोटुशी बाईला?" सासूनं भांडं चुलीवर ठेवलंच, आणि चांगली उकळी आणली.

जे ताटात आलं ती चिंचेची आमटी होती, वरून गूळ पडलेली, गोडसर. मी दोन घास खाल्ले, तिची मेहनत बघितली होती म्हणून. तिसरा गेला नाही. सासूनं ताट उचललं आणि नेहमीसारखी त्यात बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे मदरशात गेल्यावर ती बाजारात गेली. एकटी कधी जात नसे. परत आली ती पदराआड काही तरी घेऊन. मी बाजेवर पडले होते, डोळे अर्धे मिटलेले. चुलीपाशी मला तिची पाठ दिसत होती. मग विळीचा आवाज आला, आणि तो वास. आमच्या घरात तो कधीच आला नव्हता. ती कांदा चिरत होती. हात लांब धरून, मान वळवून, पातेल्यातून साप काढावा तशी. तिनं माळ काढून देवळीत ठेवली होती. मग तिनं कांदा मिठात घालून मुठीनं कुस्करला, आणि पाणी गळालेले डोळे दंडाला पुसले. चुलीवर काही ठेवलं नाही.

वाटी माझ्यापुढं ठेवून ती म्हणाली, "खा. काय बघायलीस? खा."

मी भाताबरोबर खाल्लं. आंबट, तिखट, करपलेल्या मिरचीचा धूर आणि दाताखाली कांदा. वाटी संपली. मी दुसरी मागितली. सासू दारात गेली आणि पलीकडे तोंड करून म्हणाली, "बीबी! दुसरी वाटी मागायली!"

तिकडून खाला काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. सासूनं मग डोक्यावरून अंघोळ केली, माळ घातली आणि देवापुढं बराच वेळ बसली. काय बोलली असेल देवाशी, मी कधी विचारलं नाही. त्यानंतर दीड महिना, रोज सकाळी, ती माळ काढायची, कांदा चिरायची, अंघोळ करायची आणि माळ घालायची. खट्ट्याचा एक घासही तिनं स्वतः चाखला नाही. मीठ कमी-जास्त झालं का ते मलाच विचारायची.

मी बाजेवर असल्यानं राखण सासूकडे गेली. तिनं ती तीन दिवसांत मोडून काढली.

"उगडं ठिवताच कशाला?" चौथ्या दिवशी तिनं अंगणात उभं राहून जाहीर केलं. "बीबी, मी हाक मारली की तुमी तुमच्या मांजरीला घाला, मी ह्याला घालते. आपण दोघी उभ्या. खाल्लं की भांडी उचला. उरलंच न्हाई तर चोरणार काय?"

आणि तसंच झालं. सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी दोघी आपापल्या बाजूला उभ्या राहायच्या. सासू हाक मारायची. कुत्रा आणि मांजर घाईघाईनं खायची, एकमेकांकडे तिरकं बघत, आणि भांडी उचलली जायची. आठवड्याभरात कुत्र्यानं पाट ओलांडणं सोडलं. मांजरीचं पोट सुधारलं. मी बाजेवरून ते बघायची आणि मला थोडं वाईट वाटायचं. एकदा मी खालाला म्हणाले, "मला हे आधीच सुचलं होतं." ती दातानं दोरा तोडत म्हणाली, "मलाबी."

आखाडात मी माहेरी गेले. पुसात मुलगी झाली. बाळंतपण जड गेलं, म्हणून राहणं लांबलं. शिमगा झाल्यावर हे मला न्यायला आले. परत आले तेव्हा कडुनिंबाला नवी पालवी होती आणि अंगण सारवलेलं होतं, पाटाच्या दोन्ही बाजूंनी, एकाच हातानं सारवल्यासारखं. खालानं दुलई शिवून ठेवली होती, निळी, काठाला लहान लहान घोडे. ती तिनं सासूच्या हातात दिली, सासूनं माझ्या हातात. मी लेकीला तिच्यात गुंडाळलं.

दुपारी लेक झोपली आणि तिच्याशेजारी मीही पडले. प्रवासानं अंग जड झालं होतं. झोप येत होती आणि येत नव्हती. दारातून उन्हाची एक पट्टी आत आली होती, तिच्यात धूळ चढत होती, उतरत होती. बाहेर बोलणं चालू होतं. मला आधी वाटलं, स्वप्नच आहे. मग सासूचा आवाज ओळखू आला. ती उंबऱ्यात बसली होती, माझ्या जागेवर, वाती वळत. पलीकडे खाला होती.

"तुमचे मालक सपनात येतेत का वो, बीबी?" सासू विचारत होती.

"येतेत," खाला म्हणाली. "पण बोलत नैत. घोड्याचा पाय हातात धरून बसलेले असतेत. मी उभी राहते. ते वर बघत नैत."

"आमचे बी बोलत न्हाईत." सासूनं पुढची वात हाती घेतली. "मोटंवर बसलेले दिसतेत. पाठमोरे. मी हाका मारते, पण पाण्याचा आवाज लई. त्यास्नी ऐकूच जात न्हाई."

"मग?"

"मग काय. मी तितंच बसते, पाण्यात पाय सोडून."

सासऱ्यांविषयी सासू माझ्याशी तोवर एक शब्द बोलली नव्हती. यांच्याशीही बोलली असेल असं मला वाटत नाही. मी श्वास हळू घेऊ लागले. बाहेर निंबावर होला घुमत होता. मग खाला म्हणाली, "पाणी गार असतं का, बाई?"

"लई गार," सासू म्हणाली.

लेकीनं झोपेत मूठ उघडली. मी तिच्या अंगावरची दुलई सारखी केली आणि डोळे मिटून ऐकत राहिले.